शेणातली करडई

आमच्या गावात अजूनही उन्हाळ्यात कुणी बैलांना करडई भरडून घालायला काढली, की म्हातारी माणसं म्हणतात, ही आप्पांची रीत. आप्पा म्हणजे माझे सासरे. हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. नातसुना मला गप्प करतात, म्हणतात, आजी, किती जुनी गोष्ट ती, सोडून द्या. जुनी असेल. पण ती रीत आप्पांची नव्हती, आणि ज्या बाईची होती तिला त्याच रीतीपायी घर सोडावं लागलं. तिला घराबाहेर काढणारे आप्पा होते, आणि त्यांच्या हाती निमित्त देणारी मी होते. दोघांवरचाही माझा राग अजून गेलेला नाही.

निजामाचं राज्य होतं, आणि लांब कुठंतरी मोठी लढाई चालू होती, तेव्हा मी लग्न होऊन माकणीहून इकडं आले. सासू आधीच वारलेली. घर चालवायची अक्का, आप्पांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर ईट गावच्या दिरांनी तिला विचारलं नाही, तशी ती भावाकडं आली आणि वीस वर्षं या घरात राबली. चुलीपासून गोठ्यापर्यंत सगळं तिच्या अंगावर. तिचं म्हणावं असं घरात काय होतं, तर एक पत्र्याची पेटी आणि गोठ्यातली तांबडी गाय. गायही आप्पांचीच, पण ती अक्काच्या हाताशिवाय पान्हा सोडत नसे.

उन्हाळ्यात आमच्याकडं जनावरांना कडबा, आणि कडब्याच्या जोडीला कडबाच. ज्वारीच्या त्या वाळक्या ताटांनी पोट भरतं, पण अंगी काही लागत नाही. एरवी बैलांना थोडा दाणा असायचा. पण त्या वर्षांत ज्वारी सरकारच्या सक्तीच्या लेव्हीत जायची, महसूलखात्याचा गिरदावर घरात शिरून कणग्या ठोकून बघायचा. सरकी बाजारात दिसेनाशी झाली होती. राहिली करडई. ज्वारीच्या कडेनं तिच्या काटेरी ओळी असायच्या, आणि ती काढताना हाताला चिंध्या गुंडाळूनही आम्हा बायकांची बोटं फाटायची.

करडईचं तेल काढून पेंड बैलांना घालावी, हे कुणालाही सुचलं असतं. पण आप्पांचा तेल्यावर विश्वास नव्हता. ते म्हणायचे, "घाण्यातनं काढल्यावर ऱ्हातंय काय? कस तेल्याच्या घरी आन् चोथा आपल्या दावणीला." म्हणून त्यांनी ठरवलं, बैलांना करडईच घालायची, आणि अख्खी घालायची. भिजवायची नाही, भरडायची नाही. भरडायला दिली की बायका त्यात हात मारतात, हे त्यांचं दुसरं कारण. ते त्यांनी आम्हा दोघींसमोर सांगितलं, आणि आम्ही खाली मान घालून ऐकून घेतलं.

रोज सकाळी ते स्वतः कणगीतून करडई काढायचे. एकेका बैलाला मापटंभर. कुऱ्हाडीनं तोडलेल्या कडब्यात ती कोरडीच कालवायची आणि बैल खाईपर्यंत समोर उभं राहायचं. गायीला त्यातलं काही नाही. बैलांनी चघळून टाकलेली चिपाडं तिच्या पुढ्यात सरकवायची. अक्कानं एकदा विचारलं, तेव्हा म्हणाले, "गाय काय औत वढतीय व्हय?" दूध मात्र त्यांना रोज लागायचं. सकाळी अंघोळ करून, कपाळाला विभूतीचे तीन पट्टे ओढून ते लिंगपूजेला बसायचे आणि त्या गायीचं निरसं दूध पूजेला असायचं.

गोठ्यातलं शेण काढणं आणि गोवऱ्या थापणं हे माझं आणि अक्काचं काम. शेणात रोज हात घालणाऱ्या बाईला जनावराच्या पोटात काय चाललंय ते समजतं. पुरुषांना ते समजत नाही, कारण ते शेणाला हात लावत नाहीत. आप्पांची अख्खी करडई सुरू झाली आणि चार दिवसांत माझ्या तळव्याला काहीतरी टोचायला लागलं. बघितलं तर पांढरे दाणे. निम्मी करडई जशी आत गेली तशी बाहेर येत होती. मी अक्काला दाखवलं. ती म्हणाली, "मला पयल्या दिवशीच कळलंय. टरफल टणक आसतंय गं तिचं. बैल घाईनं गिळतंय, फुटल्याबिगर त्यातलं तेल त्याला कसं घावंल?"

तिनं आप्पांना सांगितलं नाही असं नाही. मी तिथंच उभी होते म्हणून ठासून लिहिते. आप्पा ओसरीवर पान लावत बसले होते. अक्का म्हणाली, "आप्पा, करडई शेणातनं तशीच पडायलीय. भरडून घाल, निम्म्यात भागंल."

आप्पांनी मानसुद्धा वर केली नाही. "शेण थापून बैल कळत आसता, तर समद्या बायका चावडीवर बसल्या आसत्या."

माझा नवरा शेजारीच होता. तो हसला. माणूस वाईट नव्हता तो, पण बापाच्या बोलण्यावर हसायचं, ही त्याला सवय होती. त्या सवयीचा मला फार संताप यायचा.

त्यानंतर अक्कानं आप्पांना पुन्हा सांगितलं नाही. तिनं एक जुनी, विरळ विणीची दुरडी घेतली. गोवऱ्या थापायच्या आधी बैलांचं शेण ती घमेल्यात पाण्यानं कालवायची आणि दुरडीतून निथळायची. पाणी आणि चोथा खाली, दाणे वर. ते दोन-तीन पाण्यांनी धुवायचे, माळवदावर, घराच्या मातीच्या छतावर, जुन्या लुगड्याच्या धडप्यावर वाळत घालायचे. वाळले की पाट्यावर वरवंट्यानं भरडायचे, चिमूटभर मीठ टाकायचं आणि गायीच्या चिपाडांवर शिंपडायचं. जे फुकट जात होतं ते तिनं वाया जाऊ दिलं नाही, एवढाच तिचा गुन्हा.

मी उत्साहानं पहिल्या दिवशी ओंजळभर भरड टाकायला निघाले, तर तिनं माझा हात धरला. "लई नगं. तेलाचं हाय. जास्ती झालं की पोट बिघडतंय आन् मग जनावर कडबाच सोडतंय. मूठभर घालायची, कडबा गोड लागंपातुर." ही अक्कल तिला कुणी शिकवली नव्हती. ती गायीपुढं उभी राहून बघायची, गाय आज किती चिपाडं टाकते, शेण कसं टाकते, पाणी किती पिते. त्याप्रमाणं चिमूट कमी, चिमूट जास्त. पंधरा दिवसांत गाय ती दगडासारखी चिपाडं शेंड्यापासून बुडख्यापर्यंत खायला लागली. महिन्यात तिच्या अंगावर तुकतुकी आली आणि दूध वाढलं.

आप्पा खूश झाले. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायला लागले की पूजेला दूध देणारी गाय आहे, तिला काय कमी पडणार. मी चुलीपुढं बसून ऐकायचे आणि दात-ओठ खायचे. अक्का मात्र हसायची. भाऊ खूश आहे यातच ती खूश होती, आणि तेही मला खपायचं नाही.

इकडं बैलांच्या बरगड्या दिसायला लागल्या. पेरणी जवळ आली, कुळवाला बैल उभे राहायला पाहिजेत, आणि मापटं-मापटं करडई खाऊनही ते खंगत चाललेले. आप्पांच्या डोक्यात संशय शिरला. गाय गुटगुटीत आणि बैल रोडके, याचा त्यांना एकच अर्थ दिसला. आपण पाठ फिरवली की कुणीतरी दावणीतली करडई उचलतंय.

माळवद गळू नये म्हणून त्यावर पावसाळ्याआधी खारी माती टाकायची होती. ती बघायला म्हणून ते एका सकाळी वर चढले. लुगड्याच्या धडप्यावर करडई वाळत घातलेली होती. ते धडपं तसंच गोळा करून ते खाली आले आणि अंगणाच्या मधोमध अक्कापुढं टाकलं.

"वीस वर्स खायला घातलं तुला, आन् तू माझ्या बैलांच्या तोंडचं काढतीस?"

शेजारच्या बायका भिंतीवरून डोकवायला लागल्या. अक्का पायरीवर भाकरीचं पीठ चाळत होती. तिनं चाळणी बाजूला ठेवली आणि दाण्यांकडं बघितलं. मी पुढं झाले, तोंड उघडलं, तर तिनं माझ्याकडं अशी नजर टाकली की मी मागं सरले. आप्पा बोलत राहिले. बेइमान म्हणाले, चोर म्हणाले. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी गाडी जुंपून तुला ईटला सोडतो, तुझ्या दिरांच्या दारात, असंही म्हणाले. माझा नवरा दाराला टेकून उभा होता. या वेळी तो हसला नाही, एवढंच.

दुपारी गोठ्यात मी अक्काला धरलं. म्हटलं, "खरं काय ते का सांगत नाही तुम्ही? शेणातली आहे म्हणून सांगा. चोरी कसली यात?"

ती गायीची मान खाजवत होती. "आन् गायीला तीच घातली म्हून पन सांगू व्हय? त्याच गायीचं दूध रोज लिंगावर चढतंय. शेणातलं खाऊ घालून दूध बाटवलं म्हनंल तो. चोर घरात ऱ्हाऊ शकती गं. चार दिवस बोलंल आन् गप बसंल. म्या वळखते माझ्या भावाला. तू मधी पडू नगंस."

तिनं माझ्याकडून शब्द घेतला. मी दिला. आणि मोडला.

का मोडला? कारण चार दिवस गेले आणि आप्पा गप्प बसले नाहीत. कणगीच्या खोलीला त्यांनी कुलूप घातलं. अक्कानं वाढलेलं ताट मागं सारलं. बाजार उद्यावर आला, गाडीच्या चाकांना वंगण लागलं. ईटच्या दिरांकडं ती कशी राहील, हे मला दिसत होतं. आणि मला वाटायचं, खरं काय ते डोळ्यांनी बघितलं की माणूस कसाही असो, खजील होतो. मी तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांची होते. असलं काहीतरी मला वाटू शकत होतं.

बाजाराच्या दिवशी सकाळी पूजा आटपून आप्पा अंगणात आले, तेव्हा मी घमेलं घेऊन बसले होते. नवऱ्यालाही बोलावून घेतलं. बैलांचं ताजं शेण त्यांच्यादेखत पाण्यात कालवलं, दुरडीतून निथळलं आणि दुरडी आप्पांच्या पायापाशी ठेवली. दाणे पांढरेशुभ्र दिसत होते. मी म्हटलं, "मामा, ही तुमची करडई. कुणी चोरली नाही. बैलांना पचत नाही, शेणातून पडते. अक्कांनी ती वेचली. त्यांनी तुम्हाला आधीच सांगितलं होतं."

एवढ्यावर मी थांबायला हवं होतं. पण माझ्या अंगात राग होता, आणि रागात मला आणखी सांगायचं होतं, अक्काचं कौतुक करायचं होतं. मी म्हटलं, "ह्याच करडईवर त्यांनी गाय अशी केली."

आप्पा वाकून दुरडीकडं बघत होते. ते हळूहळू उभे राहिले. स्वैपाकघराच्या दारात अक्का उभी होती. तिनं डोळे मिटून घेतले, ते मी बघितलं, आणि माझ्या हातून काय झालं ते तेव्हा माझ्या ध्यानात आलं.

"म्हंजी म्या दोन म्हैने शेणावरचं दूध चढवलं," आप्पा म्हणाले. आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

आम्ही लिंगायत. आमच्यात सोवळं-ओवळं नाही, सूतक-विटाळ नाही, हे आप्पाच चावडीवर चार लोकांना समजावून सांगायचे. त्यांच्या कपाळावर त्या क्षणी विभूतीचे तीन पट्टे होते. ती विभूती शेणाची. गायीचं शेण वाळवून, त्याच्या गोळ्या भाजून, वस्त्रगाळ राख करून ती अक्कानंच केलेली. घर शेणानं सारवलेलं, अंगणात शेणाचा सडा, चुलीत शेणाची गोवरी. आणि शेणातून वेचून, तीन पाण्यांनी धुतलेल्या दाण्यानं दूध बाटलं. हे मी तेव्हा तोंडावर बोलायला पाहिजे होतं. मला सुचलं ते दोन दिवसांनी, गाडी जाऊन आल्यावर. आजपर्यंत ते मी मनात शेकडो वेळा बोलले आहे.

दुसऱ्या दिवशी दिवस उगवायला अक्का गाडीत बसली. पेटी मांडीवर. गाडीला तेच दोन रोडके बैल, आणि हाकायला माझा नवरा. आप्पा मळ्यात निघून गेले होते. मी गाडीचा दांडा धरून उभी राहिले, मला रडता येईना इतका माझा स्वतःवर संताप झाला होता. अक्का मला बोल लावेल असं वाटलं. ती म्हणाली, "बैलांना भरडून घाल म्हनावं. पर एकाएकी नगं. पयले आठ दिवस मूठ, मग दोन मुठी. लई घातली तर कडबा सोडतील." मग गाडी हलली.

आठ दिवसांत आप्पांनी मला हाक मारली. कणगीचं कुलूप काढून करडई माझ्या पदरात मापली आणि म्हणाले, "भरडून दे." बायका हात मारतात म्हणणारा माणूस. मी अक्कानं सांगितलं तसंच केलं, मूठ, मग दोन मुठी, आणि असं का ते आप्पांनी विचारलं तेव्हा तिचेच शब्द सांगितले. बैल कडबा चाटून पुसून खायला लागले. पेरणीला ते उभे राहिले, आणि पोळ्याला आप्पांनी त्यांना झुली घालून मिरवलं. लोक विचारायला लागले. तेरखेड्याहून लोक आले. आप्पा ओसरीवर बसून सांगायचे की करडई अख्खी घालू नये, टरफल टणक असतं, पचत नाही. आणि लई घालू नये, तेलाचं असतं. अक्काचे शब्द, एकही इकडचा तिकडं न करता. आत जात्यावर करडई फोडून फोडून माझ्या दंडाला गोळे यायचे आणि मला ते सगळं ऐकू यायचं. तांबडी गाय त्यांनी तोवर दुसऱ्या गावच्या कुणालातरी देऊन टाकली होती.

पुढं रझाकारांची धामधूम सुरू झाली. रस्त्यानं जायची सोय राहिली नाही, आणि ईटची खबरही येईना. निजामाचं राज्य गेलं, रस्ते मोकळे झाले, तेव्हा मी नवऱ्याच्या मागं लागून एकदाची ईटला गेले. अक्का दिराच्या गोठ्याशेजारी, वैरणीच्या खोपीत राहत होती. वाळली होती. हात तसेच, शेणाचे. मला बघून तिनं पहिलं काय विचारलं असेल? "गाय किती देती?"

मी म्हटलं, दोन शेर. दुसरं काय म्हणणार होते.

मग मी तिला आप्पांचं सगळं सांगितलं. त्यांची रीत म्हणून गावात कसं नाव झालं, तेही सांगितलं. तिनं केलेली विभूती संपत आली आहे आणि आप्पा मला करायला सांगताहेत, तेही सांगितलं. म्हटलं, "बैलांच्या शेणाची करून ठेवते. करडईच्या टरफलांसकट. लावू देत कपाळाला." मला वाटलं, ती हसेल.

ती हसली नाही. "आसं करू नये गं. भाऊ हाय माझा." ती उठली, पेटी उघडली आणि विभूतीची पुरचुंडी काढून माझ्या हातात दिली. गायीच्या शेणाची, वस्त्रगाळ, पांढरी. त्याच्यासाठी करून ठेवलेली. मला त्या क्षणी तिचाही राग आला. तो धरून मी परतीची सगळी वाट गाडीत बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा पूजेला बसले, तेव्हा मी ती पुरचुंडी त्यांच्यापुढं ठेवली. लपवाछपवी केली नाही. म्हटलं, "मामा, अक्कांनी पाठवलीय. त्यांच्या हातची आहे. वैरणीच्या खोपीत राहतात."

त्यांनी पुरचुंडीकडं बघितलं. मग गाठ सोडली, तीन बोटं बुडवली आणि कपाळावर आडवे पट्टे ओढले. नंतर छातीवर, दंडांवर. तिच्या हातचं त्यांना चाललं. मी दारात उभीच राहिले. मला वाटलं, आता म्हणतील, गाडी जुंपा, अक्काला घेऊन या. पूजा होईपर्यंत मी तिथून हलले नाही.

पूजा उरकून ते उठले, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "बैलांची करडई भरडून झाली का?"